नव्या टीव्हीवर जुनी डीव्हीडी अंधारी दिसते? उजेड वाढवण्याचा बरोबर क्रम

कापूस विकला गेला की आमच्या दारव्हा-दिग्रसच्या पट्ट्यात घरोघरी नवे टीव्ही येतात. महिनाभरानं फोन सुरू होतात. "भाऊ, टीव्ही नवा कोरा आहे, पण पोरीच्या लग्नाची सीडी लावली तर सारं काळंकुट्ट दिसते. काहून?" (आमच्याकडे डीव्हीडीलाही सीडीच म्हणतात.) मी घरी जाऊन पाहतो तर ब्राइटनेस शंभरावर, मोड भडक, रंगही शंभर. तरी नवरीचा चेहरा काळवंडलेला आणि हळद नारिंगी.

दहापैकी आठ घरी टीव्ही चांगला असतो आणि डिस्कही चांगली असते. चुकतो तो सेटिंगचा क्रम. म्हणून हा क्रम इथे सविस्तर लिहितो. मी सांगितल्याशिवाय मधली पायरी गाळून पुढची करू नका, कारण मागची पायरी चुकलेली असेल तर पुढची दुरुस्ती तिच्यावर नुसतं पांघरूण घालते.

एक गोष्ट आधी समजून घ्या. साध्या डीव्हीडीत आणि साध्या ब्लू-रेत उजेडाच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. ० ते २५५ या मापात १६ म्हणजे पूर्ण काळा आणि २३५ म्हणजे पूर्ण पांढरा. हे चित्र स्टुडिओत अंधाऱ्या खोलीत, सुमारे १०० निट उजेडाच्या पडद्यावर पाहून तयार केलेलं असतं. निट म्हणजे पडद्याचा उजेड मोजायचं माप. आजचा साधा ४३ इंची टीव्हीसुद्धा २०० ते ३०० निट सहज देतो. म्हणजे उजेड टीव्हीत शिल्लक आहे, तो बाहेर काढायचा आहे. डिस्कमधून तो ओढून काढायला गेलं की चित्र बिघडतं.

## तयारी

टीव्ही लावून २०-३० मिनिटं चालू द्या. सुरू केल्या केल्या दिसणारं चित्र आणि अर्ध्या तासानंतरचं चित्र यांत थोडा फरक असतो.

ज्या वेळी तुम्ही सीडी पाहता त्याच वेळी सेटिंग करा. रात्री जेवणं आटोपल्यावर पाहत असाल तर रात्री, तोच दिवा लावून. भर दुपारी दार उघडं ठेवून लावलेलं सेटिंग रात्री डोळ्यांत खुपतं.

दोन डिस्क जवळ घ्या. एक विकत घेतलेल्या सिनेमाची, कंपनीतून छापून आलेली. दुसरी तुमच्या लग्नाची किंवा घरच्या कार्यक्रमाची. सेटिंग करायचं ते पहिलीवर, आणि दुसरी फक्त शेवटी लावायची. इथे बहुतेकांची चूक होते. लग्नाच्या सीडीत मूळ चित्रीकरणच अंधारं असू शकतं. तिच्यावरून टीव्ही लावणं म्हणजे वाकड्या पट्टीनं रेघ मारणं.

सिनेमाच्या डिस्कवर दोन प्रसंग शोधून ठेवा. एक दिवसाचा, ज्यात पांढरं धोतर किंवा सदरा आणि काळे केस जवळून दिसतात. दुसरा रात्रीचा. सिनेमा वर-खाली काळ्या पट्ट्यांचा असेल तर फार उत्तम, त्या पट्ट्या पुढे कामी येतील.

कुठलंही बटण दाबण्याआधी चित्राच्या सेटिंगच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बिघडलं तर परत यायला रस्ता राहतो.

## १. आधी दोष कुठे आहे ते ठरवा

याच टीव्हीवर डिश लावा, नंतर मोबाइलवरचा एखादा व्हिडिओ टीव्हीवर लावून पाहा.

सगळंच अंधारं दिसत असेल तर दोष टीव्हीच्या सेटिंगमध्ये किंवा टीव्हीतच आहे. फक्त डिस्क अंधारी असेल तर वायर, प्लेअर किंवा त्या सॉकेटचं सेटिंग तपासायचं. एकच डिस्क अंधारी असेल आणि बाकीच्या ठीक, तर सरळ पायरी ११ वर जा.

तपासून पाहा: पडद्याचा एखादा भाग किंवा एखादा उभा-आडवा पट्टा कायम काळसर आहे का? आवाज येतो पण चित्र जवळजवळ दिसत नाही असं आहे का? तसं असेल तर खोलीत अंधार करून पडद्यावर तिरपी बॅटरी मारा. बॅटरीच्या उजेडात चित्र पुसट हलताना दिसलं, तर आतल्या एलईडी पट्ट्या गेल्या आहेत. पूर्ण पडदा निळसर-जांभळा दिसत असेल तर त्याच पट्ट्या जीर्ण झाल्या आहेत. यावर सेटिंगचा काही उपयोग नाही, मेकॅनिककडे पट्ट्या बदलून घ्याव्या लागतात.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकतो. डिस्क पुसल्यानं किंवा प्लेअरची लेन्स साफ केल्यानं चित्र उजळ होत नाही. डिस्कवरची माहिती आकड्यांत असते. डाग किंवा चरा असला तर चित्र अडकतं, चौकोन-चौकोन फुटतं, पुढे उडी मारतं, पण मंद होत नाही. डिस्क पुसायचीच असेल तर मऊ सुती कापडानं, मधून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल पुसू नका.

व्होल्टेजचंही तसंच. आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं, बल्ब पिवळा पडतो आणि माणसाला वाटतं की टीव्हीही त्यानंच मंद झाला. मागच्या लेबलवर पाहा, बऱ्याच एलईडी टीव्हींवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. तेवढ्या मर्यादेत आतलं सर्किट पडद्याला सारखाच पुरवठा देतं. स्टॅबिलायझर टीव्हीच्या सुरक्षेसाठी जरूर लावा, पण उजेड वाढेल म्हणून त्याच्यावर पैसे घालू नका.

## २. जागा, उंची आणि काच

खेड्यातल्या बहुतेक घरांत मला एकच दृश्य दिसतं. टीव्ही सात फुटांवर, देवाच्या फोटोच्या रांगेत, आणि माणसं खाली सतरंजीवर. स्वस्तातल्या ३२ इंची टीव्हीचा पडदा समोरून पाहण्यासाठी बनलेला असतो. खालून तिरपं पाहिलं की चित्र काळवंडतं किंवा रंग उलटेपालटे दिसतात. खुर्चीवर उभे राहून डोळे पडद्याच्या मध्याशी आणा आणि पाहा. चित्र एकदम सुधारलं तर तुमचं अर्धं काम झालं. टीव्ही खाली घ्या. ते जमत नसेल तर पुढे झुकणारा स्टँड लावा आणि वरची कड पुढे झुकवा.

पडद्यावर अंगणाच्या दाराचं प्रतिबिंब पडत असेल तर टीव्ही बाजूच्या भिंतीवर न्या. दारातल्या उन्हाशी कुठलाही टीव्ही स्पर्धा करू शकत नाही.

चुलीचा धूर आणि कापसाची बारीक धूळ पडद्यावर बसते, वर्षभरात तिचा थर होतो. टीव्ही बंद करून, थंड झाल्यावर, पाण्यानं किंचित ओलं केलेलं मऊ कापड हलक्या हातानं फिरवा. काच पुसायचा निळा फवारा किंवा स्पिरिट नको, पडद्यावरचा थर निघतो. पाणी थेट पडद्यावर कधीच शिंपडू नका, ते खालच्या कडेतून आत जातं.

## ३. वायर

प्लेअरला एचडीएमआय सॉकेट असेल तर दुसरी कुठलीही वायर वापरू नका. थेट पायरी ४ वर जा.

तीन रंगाच्या पिना असलेला जुना प्लेअर असेल, तर इथे थोडा वेळ द्या. पिवळी पिन चित्राची, लाल आणि पांढरी आवाजाची. नव्या टीव्हींना बरेचदा या तीन सॉकेटऐवजी हेडफोनसारखं एकच भोक असतं आणि टीव्हीच्या खोक्यात त्याची छोटी जोडवायर येते. तीच वापरा. बाजारात मिळणारी, दिसायला तशीच असलेली वायर आतून वेगळ्या क्रमानं जोडलेली असू शकते. मग चित्र येत नाही, आवाजात घरघर होते, किंवा आवाज चित्राच्या जागी जातो.

काही टीव्हींना पिवळ्या पिनेसाठी हिरवं-पिवळं असं सामाईक सॉकेट असतं. पिन तिथेच लावायची, पण टीव्हीत सोर्स "एव्ही" निवडायचा. "कंपोनंट" निवडला तर चित्र कृष्णधवल आणि ठिपक्याठिपक्यांचं दिसतं, आणि माणूस रंग वाढवत बसतो.

आता या पायरीतली सगळ्यांत मोठी चूक. एका घरी बैठकीत मोठा टीव्ही आणि आतल्या खोलीत छोटा होता. एकाच प्लेअरच्या पिवळ्या पिनेला दोन तोंडांची जोडणी लावून दोन्हीकडे वायर नेली होती. दोन्ही टीव्हींवर चित्र अंधारं. दोन मेकॅनिक येऊन सेटिंग करून गेले होते. खरं कारण असं होतं: प्रत्येक टीव्हीच्या सॉकेटमध्ये ७५ ओहमचा रोध असतो आणि प्लेअर तेवढ्या एकाच रोधासाठी बनलेला असतो. दोन रोध एकदम लागले की सिग्नल एक तृतीयांशानं पडतो, म्हणजे १ व्होल्टच्या जागी सुमारे ०.६७ व्होल्टच उरतो. काही टीव्ही ही घट आपोआप थोडी भरून काढतात, बरेच नाही. दुसरा टीव्ही बंद असला तरी फरक पडत नाही, कारण रोध सॉकेटमध्ये असतोच. एक वायर काढली आणि चित्र तिथल्या तिथे उजळलं.

दोन टीव्ही चालवायचेच असतील तर वीज लागणारा एव्ही स्प्लिटर घ्या. तो प्रत्येक टीव्हीला पूर्ण सिग्नल देतो.

तपासून पाहा: प्लेअर ते टीव्ही एकच छोटी वायर, मध्ये काहीही नाही. चित्र आता कसं आहे? पिना ढिल्या असतील तर फिरवून घट्ट बसवा, गंज असेल तर वायरच बदला.

## ४. प्लेअरचं सेटअप

हे पान लोक उघडतच नाहीत. रिमोटवरचं "सेटअप" बटण दाबा. बऱ्याच साध्या प्लेअरमध्ये काही पानं डिस्क आत असेपर्यंत उघडत नाहीत, राखाडी दिसतात. डिस्क बाहेर काढा, ट्रे रिकामा करून बंद करा, मग उघडा.

आत व्हिडिओ किंवा कलर नावाचं पान असतं. त्यात ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, गॅमा, सॅच्युरेशन असे आकडे मिळतात. सगळे शून्यावर किंवा मधोमध आणा. जुन्या डब्बा टीव्हीसाठी कुणीतरी ते कमी-जास्त केलेले असतात आणि तेच आज नव्या टीव्हीला भोवतात. मी पाहिलेल्या प्लेअरपैकी बऱ्याच प्लेअरमध्ये कॉन्ट्रास्ट खाली ओढलेला सापडला.

सावधान: "व्हिडिओ आउटपुट" या ओळीला उगाच हात लावू नका. पिवळी वायर लावलेली असताना तिथे "पी-स्कॅन" किंवा "कंपोनंट" निवडलं तर पडदा काळा होतो आणि सेटअपही दिसेनासा होतो. तसं झालंच तर रिमोटवर "व्ही-मोड" किंवा "पी-स्कॅन" बटण शोधा आणि थांबून थांबून दाबत राहा, एकेका दाबात आउटपुट बदलत जातो.

एचडीएमआय असेल तर आणखी एक ओळ महत्त्वाची आहे. प्लेअर चित्र दोन पद्धतींनी पाठवू शकतो. एक १६ ते २३५ अशी, जिला मेनूत "लिमिटेड" म्हणतात. दुसरी ० ते २५५, म्हणजे "फुल". प्लेअर फुल पाठवतो आणि टीव्ही लिमिटेड समजून वाचतो, तेव्हा गडद भाग पूर्ण काळे होतात. केसांचा एक गोळा होतो, काळ्या कोटाच्या घड्या नाहीशा होतात. उलट झालं, तर सगळ्या चित्रावर राखाडी धुकं बसतं.

प्लेअरमध्ये "वायसीबीसीआर" असा पर्याय मिळाला तर तो निवडा, तो टीव्ही सहसा बरोबर वाचतो. नसेल तर आरजीबी लिमिटेड ठेवा. टीव्हीत "एचडीएमआय ब्लॅक लेव्हल", "व्हिडिओ रेंज" किंवा अशाच नावाची ओळ असते, ती "ऑटो" वर ठेवा. ऑटोनं जमत नसेल तर हातानं दोन्ही पर्याय लावून पाहा. काळ्या केसांत बटा दिसतात आणि वर-खालच्या पट्ट्या खऱ्या काळ्या राहतात, तो पर्याय बरोबर.

हा घोळ न सोडवता ब्राइटनेस वाढवला तर काय होतं? काळा रंग राखाडी होतो, पण हरवलेल्या घड्या परत येत नाहीत.

## ५. टीव्हीची वीजबचत बंद करा

खोक्यातून निघालेल्या टीव्हीत वीजबचत बरेचदा चालू असते. मेनूत ती "एनर्जी सेव्हिंग", "इको", "पॉवर सेव्हिंग" अशा नावानं, कधी चित्राच्या पानावर तर कधी "जनरल" मध्ये असते. ती बंद करा. सोबत "लाइट सेन्सर" किंवा "अँबियंट लाइट" नावाची ओळ असेल तर तीही. हा सेन्सर खोलीतला अंधार पाहून पडदा मंद करतो. आपल्या घरातल्या एका दिव्यात तो जास्तच मंद करतो.

"मोशन" च्या पानावर "एलईडी क्लिअर मोशन", "मोशन क्लॅरिटी" असं काही चालू असेल तर बंद करा. त्यात टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये पडदा क्षणभर काळा करतो. हालचाल स्पष्ट दिसते खरी, पण उजेड बराच जातो.

मग "होम मोड" आहे की "स्टोअर मोड" ते पाहा. बसवायला आलेल्या माणसानं घाईत स्टोअर मोड ठेवला असेल तर टीव्ही ठरावीक वेळानं तुमचं सेटिंग पुसून दुकानातलं भडक चित्र परत आणतो. "रात्री लावलं, सकाळी गेलं" अशी तक्रार असेल तर कारण बहुधा हेच. होम मोड करा, मगच पुढे जा.

## ६. मोड निवडा

"व्हिव्हिड" किंवा "डायनॅमिक" नको. त्यात शालूची जर पांढरी फटक होते आणि धोतराच्या चुण्या दिसत नाहीत. "मूव्ही", "सिनेमा" किंवा "फिल्ममेकर" घ्या.

मूव्ही मोड लावताच चित्र पिवळसर आणि मंद वाटेल. लोक लगेच मागे फिरतात. फिरू नका. हा मोड अंधाऱ्या खोलीसाठी लावून दिलेला असतो म्हणून त्याचा बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा उजेड, कमी असतो, पण काळ्या-पांढऱ्यातल्या पायऱ्या याच मोडमध्ये सगळ्यांत बरोबर असतात. उजेड पुढच्या पायरीत येतो.

## ७. खरा उजेड: बॅकलाइट

एलईडी टीव्हीत पडदा स्वतः उजळत नाही. त्याच्या मागे किंवा कडेला एलईडी दिवे असतात, आणि पडदा फक्त त्यांचा प्रकाश अडवतो किंवा सोडतो. दिवे कमी-जास्त करणारं सेटिंग वेगळं आणि काळ्या रंगाची पातळी हलवणारं सेटिंग वेगळं. घोळ असा की "ब्राइटनेस" हे नाव काही टीव्हींत पहिल्याला आहे आणि काहींत दुसऱ्याला.

"बॅकलाइट" नावाची वेगळी ओळ असेल तर दिवे तिच्यात, आणि "ब्राइटनेस" म्हणजे काळ्याची पातळी. सोनीच्या टीव्हीत ब्राइटनेस म्हणजे दिवे, आणि काळ्यासाठी "ब्लॅक लेव्हल" अशी वेगळी ओळ आहे. सॅमसंगच्या अलीकडच्या टीव्हींतही ब्राइटनेस म्हणजे दिवेच. एलजीच्या नव्या टीव्हींत "पॅनेल ब्राइटनेस" म्हणजे दिवे, "ब्लॅक लेव्हल" वेगळं.

तुमच्या टीव्हीत काय आहे ते नावावरून ठरवू नका, डोळ्यांनी पाहा. काळ्या पट्ट्यांचा सिनेमा लावून चित्र थांबवा. ती ओळ पूर्ण वर न्या. पांढरं धोतर लख्ख उजळलं आणि पट्ट्या जवळपास काळ्याच राहिल्या, तर ते दिव्यांचं सेटिंग. पट्ट्या राखाडी होऊन साऱ्या चित्रावर धूर पसरला, तर ते काळ्याच्या पातळीचं.

दिव्यांचं सेटिंग सापडलं की ते निर्धास्त वाढवा. रात्री एका दिव्याच्या खोलीत ४० ते ६० टक्के पुरतं. दिवसा उघड्या दाराच्या बैठकीत ८० ते १००. उजेड वाढवायला मोकळेपणानं वापरावं असं हे एकच सेटिंग आहे, कारण त्यानं चित्रातलं काही हरवत नाही.

सावधान: एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीत, मागून हवा न मिळणाऱ्या कोनाड्यात, रात्रंदिवस १०० वर ठेवलेला बॅकलाइट एलईडी पट्ट्या लवकर खातो. टीव्हीच्या मागे चार बोटं जागा सोडा आणि उन्हाळ्यात रात्रीचं सेटिंग खाली आणा. इन्व्हर्टरवर चालवतानाही खाली आणा, टीव्हीची बरीचशी वीज हे दिवेच घेतात.

## ८. काळा आणि पांढरा

आता काळ्याची पातळी. रात्रीचा प्रसंग लावा. काळ्या पट्ट्या राखाडी होईपर्यंत वाढवा, मग परत खाली या आणि पट्ट्या पुन्हा काळ्या झाल्या की तिथेच थांबा. आकडा बहुतेक कंपनीनं दिलेल्या जागेच्या आसपासच येतो. खूप दूर जावं लागत असेल तर पायरी ४ मधला फुल-लिमिटेडचा घोळ राहिला आहे, मागे जा.

मग कॉन्ट्रास्ट. दिवसाचा प्रसंग लावून वाढवत जा. धोतराच्या चुण्या पुसट होऊ लागल्या की दोन-तीन आकडे मागे या. बहुतेक टीव्हींत तो ८० ते ९० च्या मध्ये बसतो.

तपासून पाहा: केसांच्या बटा आणि धोतराच्या चुण्या, दोन्ही एकाच वेळी दिसायला हव्यात. एक मिळाली आणि दुसरी गेली, तर ही पायरी परत करा.

## ९. चेहरे तरी काळपट? मग गॅमा

काळा काळा आहे, पांढरा पांढरा आहे, पण माणसांचे चेहरे मात्र झाकोळलेले. हे मधल्या पायऱ्यांचं काम आहे आणि त्याची कळ "गॅमा" नावाच्या ओळीत असते. अंधाऱ्या खोलीसाठी २.४ असतो, उजेडाच्या खोलीसाठी २.२ बरा. आकडा कमी केला की चेहरे उजळतात, काळा आणि पांढरा मात्र जागेवर राहतात. काही टीव्हींत आकड्याऐवजी उणे ३ ते अधिक ३ अशी पट्टी असते, तिथे एकेक घर सरकवून चेहरा पाहा. सॅमसंगमध्ये "शॅडो डिटेल" नावाची ओळही हेच काम गडद भागापुरतं करते, ती एखादं घर वाढवा.

रात्री दिवा लावून पाहणाऱ्यांना २.२ पुरेसा. १.९ च्या वाटेला जाऊ नका, चित्र फिकट आणि सपाट होतं.

कलर टेंपरेचर "वॉर्म" ठेवा. "कूल" मध्ये पांढरा निळसर होतो आणि डोळ्याला जास्त उजळ वाटतो, पण अंगाचा रंग मेलेला दिसतो. हळदीचा प्रसंग लावून पाहा, हळद पिवळी दिसली पाहिजे.

## १०. एचडीआर इफेक्ट आणि तसली बटणं

टीव्हीच्या खोक्यावर एचडीआर (गडद आणि उजळ भागांतला जास्त मोठा फरक दाखवणारी पद्धत) लिहिलंय म्हणून साधी डिस्क एचडीआर होत नाही, तिच्यात ती माहितीच नसते. "एचडीआर इफेक्ट", "डायनॅमिक कॉन्ट्रास्ट", "कॉन्ट्रास्ट एन्हान्सर" ही बटणं आहे तेच चित्र ताणतात. डीव्हीडीचं चित्र आडवं ७२० आणि उभं ५७६ ठिपक्यांचं, आधीच दाबून बसवलेलं. ते ताणलं की आभाळात आणि भिंतीवर वर्तुळासारखे पट्टे येतात, गडद भागात चौकोन उठतात. डीव्हीडीला हे सगळं बंद. चांगल्या ब्लू-रेला हवं तर "लो" वर ठेवून पाहा. "पीक ब्राइटनेस" आणि "लोकल डिमिंग" ज्या टीव्हीत आहेत तिथे मध्यम ठेवायला हरकत नाही. ते दिव्यांशी खेळतात, चित्राच्या पायऱ्यांशी तितकं नाही.

काही ४के प्लेअर आणि टीव्हीला जोडायचे काही छोटे डबे साधं चित्रही एचडीआर करून पाठवतात. मग टीव्ही बॅकलाइट पूर्ण वर नेतो आणि चित्राचं वेगळंच सेटिंग उघडतो. तुम्ही आतापर्यंत लावलेलं त्यात लागू होत नाही. चित्र उजळ दिसतं हे खरं, पण चेहरे चकचकीत आणि मेणासारखे होतात. माझ्या मते हे बंद ठेवावं. ठेवायचंच असेल तर त्यात पायरी ८ पुन्हा करा.

शेवटी एक छोटं काम. बऱ्याच टीव्हींत सेटिंग सॉकेटगणिक वेगळं साठतं. एचडीएमआय १ वर लावलेलं एव्हीवर नसतं. घरात कुणी पिन बदलली की "पुन्हा काळं झालं" असा फोन येतो. "सगळ्या इनपुटला लागू करा" असा पर्याय असेल तर वापरा, नाहीतर आकडे कागदावर लिहून टीव्हीच्या मागे चिकटवा.

## ११. लग्नाची सीडी

आता दुसरी डिस्क लावा. ती सिनेमापेक्षा अंधारी दिसेल, आणि त्याची कारणं चित्रीकरणातच आहेत. गोरज मुहूर्ताला अंधार पडत आलेला, मांडवात एकच हॅलोजन, तो नवरा-नवरीवर रोखलेला आणि मागची वऱ्हाडी मंडळी काळोखात. त्यात वीज गेलेली असली तर जनरेटर येईपर्यंतचं चित्र आणखी गडद. शिवाय अनेक जुन्या सीडी व्हिडिओ कॅसेटवरून उतरवलेल्या असतात, आणि उतरवताना सिग्नल कमी पडला असेल तर तोच मंदपणा डिस्कवर कायमचा छापला जातो.

हिच्यासाठी सिनेमाचं सेटिंग मोडू नका. टीव्हीत "कस्टम", "युझर" किंवा "एक्स्पर्ट" नावाचा दुसरा मोड असतो. त्यात सिनेमाचेच आकडे भरा आणि फक्त तीन बदल करा: बॅकलाइट वाढवा, गॅमा एक घर उजळ करा, कॉन्ट्रास्ट थोडा वर न्या. अशा सीडीत धोतर आधीच मळकट असतं, म्हणून कॉन्ट्रास्टला इथे जास्त जागा मिळते. काळ्याची पातळी जागेवरच ठेवा. ती वाढवली की कॅसेटची सगळी मुंगी-मुंगी, म्हणजे वळवळणारे ठिपके, वर येते.

एवढं करूनही मागची माणसं दिसली नाहीत तर ती टीव्हीतून दिसणार नाहीत. हॅलोजनच्या कक्षेबाहेर उभ्या असलेल्या आजीचा चेहरा कॅमेऱ्यानं टिपलाच नसेल, तर कुठल्याही सेटिंगमध्ये तो मिळत नाही. बाजारात "सीडी उजळ करून देतो" म्हणणारे दोन-अडीच हजार मागतात. पैसे देण्याआधी त्यांना तुमच्या डिस्कची पाच मिनिटं करून दाखवायला सांगा आणि तुमच्या टीव्हीवर लावून दोन्ही शेजारी-शेजारी पाहा.

डिस्क चालते आहे तोवर तिची नक्कलही काढून ठेवा. घरी किंवा दुकानात रेकॉर्ड (बर्न) केलेल्या डिस्कचा थर वर्षं गेली की खराब होतो आणि उन्हात, पत्र्याखालच्या कपाटात तो आणखी लवकर जातो. संगणकावर डिस्क उघडली की "व्हिडिओ टीएस" नावाचं फोल्डर दिसतं, त्यात व्हीओबीच्या फायली असतात, प्रत्येकी १ जीबीपर्यंतच्या. त्या जशाच्या तशा पेनड्राइव्हवर घ्या. दुकानदाराला "छोटी करून द्या" म्हणू नका, त्यात गडद भागातलं उरलंसुरलं आधी जातं. पेनड्राइव्ह टीव्हीला थेट लावला तर एकामागून एक फाइल चालते, पण लक्षात ठेवा, यूएसबीचं चित्र हे टीव्हीच्या हिशेबी वेगळं इनपुट आहे. तिथेही कस्टम मोडमध्ये तेच आकडे पुन्हा भरावे लागतात.